कालियामर्दन

कालियामर्दन : दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी नाशिक येथे निर्माण केलेला मूकपट (१९१९). बाळकृष्णाच्या खोड्या आणि त्याने केलेले कालिया नागाचे दमन हा त्याचा विषय असून कृष्णाची भूमिका फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने केली आहे. हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीची ही निर्मिती मूळ सुमारे ६,००० फूट लांबीची होती. तीपैकी सुमारे ४,४०० फूट भाग उपलब्ध आहे. फाळके यांच्या मूकपटांपैकी सर्वांत विस्ताराने टिकून राहिलेला चित्रपट म्हणून तो अभ्यासकांना विशेष महत्त्वाचा वाटतो.

चित्रपटाच्या इतिहासात ‘कालियामर्दन’चा उल्लेख सामान्यतः दोन प्रकारे केला जातो : पौराणिक चित्रपटाचा प्रारंभीचा नमुना म्हणून, किंवा फाळके यांच्या युक्तिचित्रणातील कौशल्याचे उदाहरण म्हणून. लहान मुलांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या एका भयकथेचे चित्रपटरूप या दृष्टीने त्याचा विचार क्वचितच झाला आहे. वस्तुतः जिवंत मूल आणि कारागिराने घडविलेला अचेतन प्राणी यांना एकाच चौकटीत समोरासमोर आणणे, ही या चित्रपटाची मध्यवर्ती कल्पना होय. पुढे यूरोपात बाहुल्या व वस्तू यांचे एकेक चौकट करून छायांकन करणारे जे गडद वळणाचे बालकथापट निर्माण झाले, त्यांपैकी सर्वांत प्रभावी अशा एका चित्रपटाच्या मुळाशीही हीच कल्पना आहे. त्या चित्रपटाशी तुलना केली असता ‘कालियामर्दन’चे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात.

युक्तिचित्रणाची पार्श्वभूमी : फाळके यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे सर जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांनी चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण इ. विषयांचे शिक्षण घेतले. लोणावळ्याजवळील रविवर्मा मुद्रणालयासाठी त्यांनी शिलामुद्रणाचे काम केले. जादूचे प्रयोगही ते करीत आणि त्यासाठी आपल्या आडनावातील अक्षरांचा क्रम उलटून ‘प्रोफेसर केळफा’ असे नाव त्यांनी घेतले होते. मूर्तिकार, मुद्रक आणि जादूगार या तिन्ही भूमिकांचा अनुभव त्यांच्या चित्रपटांत एकत्र आलेला दिसतो. मूर्तिकाराला अचेतन द्रव्यातून प्राण्याचा आकार काढता येतो, मुद्रकाला एकाच पृष्ठावर अनेक छाप बिनचूक बसविता येतात, तर प्रेक्षकाची नजर नेमकी कोठे खिळवावयाची हे जादूगाराला ठाऊक असते.

लंडनहून कॅमेरा व इतर साहित्य आणल्यानंतर १९१२ मध्ये फाळके यांनी केलेला ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट या संदर्भात लक्षणीय आहे. कुंडीतील वाटाण्याचे रोप कॅमेऱ्यासमोर ठेवून ठरावीक कालावधीने त्याच्या एकेका चौकटीचे छायांकन करण्यात आले. त्यामुळे अनेक दिवसांची वाढ पडद्यावर अल्पावधीत घडताना दिसली. हा प्रयोग दाखवून फाळके यांनी भांडवल देणाऱ्यांचा विश्वास संपादन केला. म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’ (३ मे १९१३) या पहिल्या कथापटाच्याही आधी एकेक चौकट स्वतंत्रपणे घेण्याचे तंत्र त्यांना अवगत झालेले होते.

१९१३ मध्येच फाळके यांनी आपला कारखाना मुंबईहून नाशिकला हलविला. येथे त्यांनी जे लघुपट तयार केले, त्यांत ‘आगकाड्यांची मौज’ (१९१५) याचा समावेश होतो. आगकाड्या एका विशिष्ट रचनेत मांडावयाच्या, एक चौकट छायांकित करावयाची, काड्या किंचित सरकवावयाच्या आणि पुन्हा एक चौकट घ्यावयाची, अशी या प्रकाराची पद्धती असते. मूकपटाच्या काळी सेकंदाला सुमारे १६ चौकटींचा वेग गृहीत धरला जाई. त्या हिशोबाने प्रत्येक चौकटीसाठी काड्या हलविल्या, तर एका मिनिटाच्या हालचालीकरिता ९६० वेळा त्यांची मांडणी बदलावी लागते. एमील कोल या फ्रेंच कलावंताने १९०८ मध्ये आगकाड्यांचा असा चित्रपट केलेला होता; म्हणून कल्पनेच्या नावीन्याचे श्रेय फाळके यांना देता येत नाही. तथापि आज स्टॉप-मोशन या नावाने ओळखले जाणारे तंत्र नाशिकच्या कारखान्यात १९१५ पर्यंत रुळले होते, हे या लघुपटावरून निश्चितपणे म्हणता येते. हा लघुपट आता उपलब्ध नाही.

अचेतन वस्तूला स्वतःची हालचाल देण्याचे तंत्र हाती असताना, चारच वर्षांनी कालिया नागाची निर्मिती करताना फाळके यांनी त्यावर भर दिला नाही. ही निवड चित्रपटाच्या आशयाशी निगडित असून तिचे विवेचन पुढे केले आहे.

मूळ कथा आणि तिच्यातील भय : कालियादमनाची कथा भागवतपुराणाच्या दशम स्कंधात येते. कालियाच्या विषाने यमुनेचा डोह दूषित झालेला असतो. त्याचे पाणी प्यालेली गुरे व गोपाळ निष्प्राण होतात आणि कृष्णाच्या दृष्टिक्षेपाने पुन्हा सजीव होतात. त्यानंतर कृष्ण काठावरील कदंबावर चढून डोहात उडी घेतो. नाग त्याला विळखा घालतो. काठावर जमलेले नंद, यशोदा आणि गोकुळवासी शोकाकुल होतात. मग कृष्ण विळख्यातून सुटून नागाच्या फण्यांवर नृत्य करतो. नागपत्नींच्या विनवणीवरून तो कालियाला जीवदान देतो व यमुना सोडून जाण्याची आज्ञा करतो.

महाराष्ट्रात ही कथा कीर्तन, गोपाळकाला आणि घरातील वडीलधाऱ्यांचे कथन यांच्याद्वारे मुलांपर्यंत पोहोचली. लोकप्रचलित रूपात तिला चेंडूची जोड मिळाली : खेळताना चेंडू डोहात पडतो आणि तो काढण्यासाठी कृष्ण पाण्यात उतरतो. पुराणातील दैवी हेतूची जागा या रूपात मुलाच्या साध्या निमित्ताने घेतली आहे. त्यामुळे ती बालकथा म्हणून अधिक नेटकी झाली. ज्या पाण्याजवळ जाऊ नये म्हणून मोठी माणसे बजावतात, त्याच पाण्यात मूल उतरते आणि बराच वेळ वर येत नाही, हा तिच्यातील भयाचा गाभा आहे. नदीकाठच्या कोणत्याही गावात असे भय प्रत्यक्ष अनुभवाचे असते. भोपळ्यात बसून रानातून परतणाऱ्या म्हातारीच्या कथेतही खाऊन टाकले जाण्याचे भय असेच उघडपणे आलेले आहे. मराठी बालकथेच्या मौखिक परंपरेने भय टाळले नाही. ते पूर्ण वाढू देऊन मग त्यातून सुटका करून द्यावयाची, अशी तिची रीत आहे.

चित्रपटाची रचना : कथेला सुरुवात होण्यापूर्वी फाळके यांनी एक प्रास्ताविक योजले आहे. सुमारे सात वर्षांच्या मंदाकिनीचा चेहरा पडदाभर दिसतो आणि ती एकामागून एक निरनिराळे भाव चेहऱ्यावर आणून दाखविते. हा मुखाभिनयाचा अभ्यास असल्याचे प्रेक्षकाला सांगितले जाते. त्यानंतर विलयनाच्या साहाय्याने त्याच मुलीचे वेशभूषा केलेल्या कृष्णात रूपांतर होते. कृष्ण म्हणून आपण जिला पाहणार आहोत ती एक लहान मुलगी आहे, हे फाळके यांनी लपविलेले नाही. ‘लंकादहन’ (१९१७) या चित्रपटात अण्णा साळुंके या पुरुष नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. तेथे रूपांतर वेशभूषेच्या आड राहते. येथे ते पडद्यावरच घडते. प्रेक्षकाने युक्ती ओळखावी आणि तरीही कथेवर विश्वास ठेवावा, अशी ही अपेक्षा आहे. जादूगाराच्या रिकामी टोपी दाखविण्याच्या रीतीशी तिचे साम्य आहे.

पूर्वार्धात बाळलीला येतात. गावातील एका स्त्रीने अंगावर पाणी टाकून केलेल्या अपमानाचा सूड म्हणून कृष्ण आणि त्याचे सवंगडी तिच्या घरातील लोणी चोरतात. पुढे रात्रीच्या वेळी एका धनिक दांपत्याच्या शयनगृहात शिरून कृष्ण त्यांची खोडी काढतो. हा भाग विनोदी असला, तरी त्यातील विनोद सौम्य नाही. झोपलेल्या माणसांच्या घरात अंधारात वावरणारे, कोणालाही न घाबरणारे आणि आपल्या कृत्यावर खूश असणारे मूल येथे दिसते. मंदाकिनीच्या अभिनयातील मोकळेपणामुळे या खोड्यांना एक निर्दय छटा प्राप्त झाली आहे. भक्तिपर चित्रांमधील गोजिरवाण्या बाळकृष्णापेक्षा हा कृष्ण वेगळा आहे. लहान मुलांच्या ठिकाणी असणारी सूडबुद्धी फाळके यांनी निःसंकोचपणे दाखविली, ही त्यांच्या निरीक्षणाची साक्ष होय. ‘कालियामर्दन’मधील गडदपणाचा पहिला प्रत्यय नागाच्या प्रवेशाआधी, या खोड्यांमध्येच येतो.

उत्तरार्धात कृष्ण यमुनेत उडी घेतो. पाण्याखालील जग नेपथ्याच्या साहाय्याने उभे केलेले असून त्यात कृत्रिम सर्पाशी कृष्णाची झुंज होते. या झुंजीच्या दृश्यांमध्ये काठावरील जनसमुदायाची दृश्ये गुंफलेली आहेत. अखेरीस कृष्ण सर्पावर विजय मिळवून पाण्याबाहेर येतो.

झुंजीतील भयाचे स्थान : प्रस्तुत झुंज आजच्या प्रेक्षकाला भीतिदायक वाटत नाही. सर्पाचे शरीर ताठर आहे, त्याच्या हालचाली यांत्रिक आहेत आणि पाण्याखालचे वातावरण नेपथ्य म्हणून सहज ओळखू येते. परंतु या उणिवांचा दोष केवळ साधनांच्या अपुरेपणावर टाकणे योग्य ठरणार नाही. सर्प आणि मुलगी एकाच सलग छायांकनात, एकाच काळात वावरतात. त्यामुळे सर्पाला स्वतःची इच्छाशक्ती असल्याचा भास होत नाही. त्याच्या हालचालीमागे मुलीच्याच हातापायांचे चापल्य जाणवते. मूल आपल्या खेळण्याशी झुंजत असावे तसा हा देखावा आहे. एकेक चौकट घेण्याचे तंत्र वापरले असते, तर सर्पाला स्वतंत्र जीवन मिळाले असते. पण मुलीला त्याच्याशी प्रत्यक्ष झोंबणे अशक्य झाले असते. कारण प्रत्येक चौकटीसाठी स्तब्ध राहणे जिवंत पात्राला, विशेषतः लहान मुलाला, साधत नाही. तंत्राच्या या दोन वाटांपैकी फाळके यांनी मुलाच्या मुक्त हालचालीला प्राधान्य देणारी वाट पत्करली. परिणामी नाग दुय्यम ठरला.

मग या प्रसंगातील भय नेमके कोठे आहे? ते काठावर आहे. पाण्याकडे पाहणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांवर, त्यांच्या आक्रोशात आणि असहाय धावपळीत ते साठविलेले आहे. कृष्ण एकदाही भ्यालेला दिसत नाही. भितात ती मोठी माणसे. डोहातील झुंज आणि काठावरील शोक यांची दृश्ये आलटून पालटून दाखविण्यामुळे प्रेक्षकाला दोन ठिकाणी असावे लागते : मुलाबरोबर पाण्यात आणि आईबापांबरोबर काठावर. बालप्रेक्षक कृष्णाशी एकरूप होऊन निर्धास्त राहतो, तर त्याच्या शेजारी बसलेला प्रौढ काठावरचे भय अनुभवतो. एकाच चित्रपटात दोन वयांच्या प्रेक्षकांसाठी भयाची अशी विभागणी करणे, हे ‘कालियामर्दन’चे खरे यश म्हणावे लागेल. या विभागणीचे बीज मूळ पुराणकथेत आहे. तथापि पाणी आणि काठ यांच्यातील अंतर दृश्यांच्या जोडणीतून प्रत्ययाला आणून देणे, ही चित्रपटाच्या माध्यमाची कामगिरी होय.

यूरोपीय बालकथापटांशी तुलना : एकेक चौकट घेऊन बाहुल्यांचे चित्रपट करण्याची परंपरा यूरोपात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून विकसित झाली. व्ल्याडिस्लाव्ह स्टारेविच (१८८२–१९६५) याने प्रारंभी मेलेल्या कीटकांच्या शरीरांना हालचाल देऊन चित्रपट केले आणि पुढे धूर्त कोल्ह्याच्या मध्ययुगीन कथाचक्रावर पूर्ण लांबीचा बाहुलीपट रचला. त्याचे प्रदर्शन बर्लिन येथे १९३७ मध्ये झाले. चेकोस्लोव्हाकियातील यिर्झी त्रन्का (१९१२–६९) याने हॅन्स अँडरसनच्या सम्राट आणि बुलबुल यांच्या कथेवर १९४९ मध्ये बाहुलीपट केला. बाहुलीचा चेहरा बदलत नसतानाही प्रकाशयोजना व अंगविन्यास यांच्या साहाय्याने भाव व्यक्त करता येतात, हे त्याच्या कृतींवरून दिसून येते.

‘कालियामर्दन’शी सर्वांत जवळचे नाते मात्र प्राग येथील यान श्वांकमायर (जन्म १९३४) याच्या ॲलिसवरील चित्रपटाचे (१९८८) आहे. ल्यूइस कॅरलच्या १८६५ च्या प्रसिद्ध बालकथेवर तो आधारलेला आहे. त्यात ॲलिसची भूमिका एका जिवंत मुलीने केली असून इतर बहुतेक सर्व पात्रे म्हणजे एकेक चौकट घेऊन हलविलेल्या जुन्यापुराण्या वस्तू आहेत. पांढरा ससा हा भुसा भरलेला प्राणी असून त्याच्या फाटलेल्या छातीतून भुसा सांडत राहतो. सुरवंट म्हणजे कृत्रिम दात व डोळे बसविलेला पायमोजा आहे. ॲलिस लहान होते तेव्हा तिच्या जागी चिनी मातीची बाहुली येते.

या दोन चित्रपटांमध्ये ६९ वर्षांचे अंतर असून त्यांचा परस्परांशी कोणताही ज्ञात संबंध नाही. तरीही त्यांच्यातील साम्ये ध्यानात घेण्यासारखी आहेत. दोन्हींत एक लहान मुलगी केंद्रस्थानी आहे. दोन्हींचा आरंभ तिच्या चेहऱ्याच्या समीप दृश्यांनी होतो आणि आता दिसणार आहे तो रचलेला खेळ आहे, याची जाणीव कथेपूर्वीच करून दिली जाते. दोन्हींत मुलगी एका बंदिस्त, अनोळखी जगात उतरते आणि तेथील कृत्रिम प्राण्याशी तिचा सामना होतो.

फरक आहे तो कृत्रिम प्राण्याच्या स्वातंत्र्यात. श्वांकमायरच्या चित्रपटातील वस्तू मुलीच्या इच्छेला जुमानत नाहीत. त्यांच्या हालचालीत एक प्रकारचा खंडितपणा असतो. कारण प्रत्येक दोन चौकटींच्या दरम्यान कलावंताचा हात येऊन गेलेला असतो आणि तो हात पडद्यावर कधीच दिसत नाही. वस्तू आपोआप हलतात ही जाणीव अस्वस्थ करणारी असते. फाळके यांच्या चित्रपटात हलविणारा हात सहज तर्काने कळतो, त्यामुळे अस्वस्थता राहत नाही, कौतुक राहते. येथे युक्तीचा उपयोग विस्मयासाठी झालेला आहे आणि विस्मयाची परिणती भक्तीत होते. श्वांकमायरकडे त्याच युक्तीची परिणती संशयात होते.

दोन्ही चित्रपटांचा शेवटही हा भेद दर्शवितो. कृष्ण विजयी होऊन परत येतो, काठावरील लोकांना त्यांचे मूल मिळते आणि नदी निर्विष होते. ॲलिस जागी होते तेव्हा सशाची काचपेटी फुटलेली व रिकामीच असते. कात्री हाती लागताच सशाचे डोके कापण्याचा विचार तिच्या मनात येतो. पहिल्या चित्रपटात मुलाच्या हिंसेला धर्माचा आधार मिळतो, तर दुसऱ्यात ती निराधार, म्हणून भयप्रद वाटते. परंतु ‘कालियामर्दन’च्या पूर्वार्धातील रात्रीची खोडी आठवली, तर असे दिसते की फाळके यांना हीच निराधार हिंसा दिसलेली होती. उत्तरार्धात त्यांनी तिला योग्य शत्रू मिळवून दिला आणि प्रश्न मिटविला. कथेच्या दृष्टीने हे समाधानकारक असले, तरी पूर्वार्धाने उभे केलेले मूल उत्तरार्धातील देवापेक्षा अधिक सजीव आहे, असेच म्हणावे लागते.

अलीकडच्या काळात ग्येर्मो देल तोरो व मार्क गस्टफसन यांनी केलेल्या ‘पिनोकिओ’ (२०२२) या स्टॉप-मोशन चित्रपटात कार्लो कोल्लोदीच्या १८८३ च्या बालकथेला मुसोलिनीच्या इटलीची पार्श्वभूमी दिलेली आहे. मुलाच्या मृत्यूने शोकविव्हल झालेल्या बापाने लाकडी मूल घडविणे हा तेथे कथेचा आरंभबिंदू आहे. काठावरचा शोक आणि घडविलेला प्राणी ही ‘कालियामर्दन’मधील दोन वेगळी टोके तेथे एकाच व्यक्तीच्या ठायी एकत्र आलेली दिसतात.

प्रक्षेपणाचा वेग : या चित्रपटाच्या मूल्यमापनात एक व्यावहारिक अडचण येते. ३५ मिमी. फितीच्या एका फुटात १६ चौकटी असतात. सेकंदाला १६ चौकटी या वेगाने ६,००० फुटांचा मूळ चित्रपट सुमारे १०० मिनिटे आणि उपलब्ध भाग सुमारे ७३ मिनिटे चालेल. बोलपटाच्या २४ चौकटींच्या वेगाने तोच भाग सुमारे ४९ मिनिटांत संपतो. अशा प्रक्षेपणात सर्व हालचाली दीडपट जलद होतात. काठावरील शोकाकुल माणसे त्यामुळे हास्यास्पद वाटू लागतात व सर्पाची झुंज निव्वळ धडपड बनते. वर वर्णन केलेला परिणाम मुख्यतः काठावरच्या दृश्यांवर अवलंबून असल्यामुळे वेगातील ही चूक चित्रपटाच्या मर्मावरच आघात करते. मूकपट बाळबोध असतात, हा रूढ समज काही अंशी अशा सदोष प्रक्षेपणातून निर्माण झालेला आहे. ‘कालियामर्दन’ योग्य वेगाने पाहिल्याखेरीज त्याविषयी मत बनविणे उचित नाही.

उत्तरकालीन परंपरा : फाळके यांच्या नाशिक येथील कार्यात दोन धागे होते : अचेतनाला स्वतंत्र हालचाल देणारा ‘आगकाड्यांची मौज’चा आणि बालकथेतील भयाला दृश्यरूप देणारा ‘कालियामर्दन’चा. हे दोन धागे मराठीत एकत्र गुंफले गेले नाहीत. पौराणिक चित्रपटांत युक्तिचित्रण वाढले, पण बालनायकाचे खोडकर, काहीसे क्रूर रूप मागे पडले. मुलांविषयीच्या मराठी चित्रपटांना पुढे संस्कारप्रधान वळण लागले. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेल्या ‘श्यामची आई’वर आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये केलेला चित्रपट हे त्याचे सर्वोत्कृष्ट उदाहरण होय. या चित्रपटाची योग्यता निर्विवाद आहे. परंतु त्यातील बालमनाचा विचार अपराध, पश्चात्ताप आणि माया यांच्या परिघातला आहे. मुलांसाठी चित्रपटनिर्मिती करण्याच्या उद्देशाने १९५५ मध्ये केंद्र शासनाने स्थापन केलेल्या चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीच्या कार्यातही बोधाला मोठे स्थान मिळाले. ही संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली.

तंत्राचा अभाव हे यामागील कारण मानता येत नाही. मुंबई येथील सुरेश एरियत यांचा ‘टोकरी’ (२०१७) हा वडील व मुलगी यांच्या नात्यावरील स्टॉप-मोशन लघुपट या तंत्रावरील प्रभुत्वाची साक्ष देतो. सामग्रीचीही उणीव नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या यांची परंपरा जपलेली आहे. तिच्यातील राक्षस आणि वीर यांच्या आकृतींत चित्रपटाला उपयुक्त ठरेल असे उग्र सौंदर्य आहे. अडसर आहे तो मुलांना भय दाखवू नये या समजुतीचा. मौखिक कथेने ही समजूत कधी पाळली नव्हती आणि फाळके यांनीही ती पाळली नाही. भय काढून टाकलेल्या कथेत सुटकेचा आनंदही उरत नाही, हे कालियाची कथा ऐकणाऱ्या मुलाला सांगावे लागत नाही.

जतन : मूकपटांच्या फिती ज्वालाग्राही व नाशवंत अशा नायट्रेट द्रव्यावर असत, त्यामुळे त्या काळातील बहुसंख्य भारतीय चित्रपट नष्ट झाले. १९६४ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने फाळके यांच्या उपलब्ध चित्रपटांचे जतन केले. या कामी तेथील पहिले अभिरक्षक पी. के. नायर (१९३३–२०१६) यांचे परिश्रम मोलाचे आहेत. हे संग्रहालयही २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात समाविष्ट झाले. ‘आगकाड्यांची मौज’ नष्ट झाल्यामुळे फाळके यांच्या तंत्राचा अर्धा भाग आता केवळ वर्णनातून जाणून घ्यावा लागतो. ‘कालियामर्दन’ उरल्यामुळे उरलेला अर्धा प्रत्यक्ष पाहता येतो. काठावरील चेहरे आणि प्रास्ताविकातील मुलीचा चेहरा ही या चित्रपटाची दोन टिकाऊ स्थाने होत. नाग जुना झाला असला, तरी ते चेहरे जुने झालेले नाहीत.